वाटेत राहिलेलं घर

आमच्या घरामागे, बटाट्याच्या वावरात, एक घर उभं आहे. ते तिथे कोणी बांधलेलं नाही. ते ओढत ओढत आणलं आणि तिथेच राहिलं. बेटावर नवा माणूस आला की विचारतो, हे घर असं कुंपणाकडे तोंड करून, भर वावरात का बांधलं हो? मी म्हणते, माझ्या नवऱ्याला विचारा. एरास्मो मग टोपी काढून डोकं खाजवतो आणि विषय तिथेच मिटतो.

घर ओर्फेलिनाचं. ती माझी कोमाद्रे, म्हणजे तिच्या नोल्बेर्तोचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याला पाण्यावर मी धरलं होतं. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. या नात्यात कडाकडा भांडता येतं, पण ते मोडता येत नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, एल्सिरा, तुझ्या वावरात बाई घर घेऊन बसली आणि तू तिला हाकललं कसं नाहीस?

तिचं घर आधी खाली समुद्राच्या कड्यावर होतं. दर हिवाळ्यात समुद्र थोडा थोडा कडा खायचा. एका वर्षी कोंबड्यांचं खुराडं गेलं, मग सफरचंदाचं झाड गेलं. नवरा आधीच गेला होता, पण तो तापाने. मुलगा नोल्बेर्तो दक्षिणेत, पुंता आरेनासकडे, मेंढ्यांच्या कुरणांवर लोकर कातरायला. आमच्याकडची निम्मी पोरं तिकडेच असतात. तो एकदा आला तेव्हा म्हणाला, "आई, वर चॅपलजवळ माझी जागा पडून आहे. घर तिथे नेऊन ठेव. नाताळला मी येतो तो कायमचाच. आपण दोघं तिथे राहू." झालं. त्या दिवसापासून ओर्फेलिनाच्या डोळ्यांपुढे दुसरं काही नाही. घर वर न्यायचं, आणि मुलगा घरी आणायचा.

आमच्या चिलोए बेटावर, चिलीच्या दक्षिणेला, घर हलवणं ही काही नवलाची गोष्ट नाही. घरं लाकडाची. खिडक्या-दारं काढायची, लोखंडी चूल बाहेर काढायची, आत आडव्यातिडव्या फळ्या ठोकून घर घट्ट करायचं, पहारींनी उचलून खाली दोन लांब ओंडके सरकवायचे आणि ओंडक्यांच्या नाकाला भोकं पाडून बैलांच्या साखळ्या अडकवायच्या. बैल आणि माणसं गावाची. याला मिंगा म्हणतात. मालकाने दारोदार जाऊन विनवायचं, आणि घर नव्या जागी टेकलं की सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. पैशाचा संबंध नाही.

विनवायला दारात आलेल्याला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. ते शोभत नाही. सगळे हो म्हणतात आणि निम्मे येतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून शहाणा मालक दुप्पट लोकांना विनवून येतो. ओर्फेलिनाला हे ठाऊक नव्हतं असं नाही, तिला ते मान्य नव्हतं. कारण ती स्वतः हो म्हणाली की जायची. ताप असला तरी जायची, पावसात जायची, सगळ्यांच्या आधी जायची आणि सगळ्यांच्या नंतर भांडी घासून निघायची. तिचं म्हणणं एकच, मी गेले ना त्यांच्याकडे, मग ते येतील. तिने मोजून लागतील तेवढ्याच लोकांना विनवलं.

त्या सकाळी अर्थातच निम्मे आले. बैलांचं सगळं तिच्या दिराकडे, बेलार्मिनोकडे होतं. बेलार्मिनो मनाने लोणी. त्याला नाही म्हणताच येत नाही. हा त्याचा एकच दोष, पण तेवढा पुरेसा आहे. त्याने पाहिलं की माणसं कमी, बैल कमी, आणि वाट लांबची. मग तो माझ्या नवऱ्याकडे वळला. "एरास्मो, तुझ्या वावरातून आडवं काढलं तर वळसा वाचेल." माझा नवरा म्हणाला, "काढा की." मला विचारलं नाही. कुंपण मोडलं, आणि घर आमच्या वावरात शिरलं.

वसंत नुकता लागला होता, जमीन हिवाळ्याचं पाणी पिऊन फुगलेली. पलीकडच्या कुंपणापाशी आल्यावर ओंडके रुतले. बैल ओढतात, माणसं ओरडतात, घर कुरकुरतं, पण हलत नाही. त्यात भुरभुर सुरू झाली. एकदोघं टोप्या झटकायला लागले. आणि इथे ओर्फेलिनाने ती चूक केली जी आमच्याकडे लग्न होऊन आलेली नवी सूनसुद्धा करणार नाही. लोक निघून जातील या धास्तीने तिने जेवण आधी उघडलं.

कुरांतोचा खड्डा वर चॅपलजवळ भरलेला होता. तापल्या दगडांवर शिंपले, डुकराचं मांस, बटाटे, वर मोठाली पानं, वर माती. ती धावत गेली आणि तिने पानं काढली. वासाने सगळे वर गेले. जेवण झालं, चीचा, म्हणजे सफरचंदाची दारू, फिरली, कोणाच्या तरी हातात अकॉर्डियन आलं. अंधार पडायच्या आत एकेक जण तोंड पुसत निघाला. बेलार्मिनो तिचे दोन्ही हात धरून म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका. लागवड उरकली की येतो आणि एका दमात वर नेतो."

घर माझ्या वावरात, दार कुंपणाकडे, एक बाजू वर आणि एक बाजू खाली.

लागवड उरकली. मग गवत कापायचं होतं. मग बटाटे काढायचे होते. मग सफरचंदं. मग बैल विकले, दुसरे घ्यायचे होते. मग घेतले, पण ते कोवळे होते. मग हिवाळा. मग पुन्हा लागवड. अशी वर्षं गेली, आणि दर वर्षी बेलार्मिनो तितक्याच मनापासून हो म्हणाला.

त्या घरात ती कशी राहत होती ते सांगितलं तर खोटं वाटेल. आतल्या फळ्या तिने काढू दिल्या नाहीत, कारण घर ओढायचं तर त्या लागतील. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फुलीसारख्या ठोकलेल्या त्या फळ्यांखालून ती वाकून जायची, वाकूनच झोपायची, वाकूनच देवापुढे मेणबत्ती लावायची. कपाट दोरांनी बांधलेलं, तसंच. कपबशा पेटीत भरलेल्या, तशाच. खिडक्यांच्या काचा गोधडीत गुंडाळून ठेवलेल्या, आणि खिडक्यांच्या जागी पाट्या ठोकलेल्या, त्यामुळे आत दिवसाही संध्याकाळ. दार निम्मंच उघडायचं, पुढे कुंपणाची काटेरी झुडपं. आणि चूल बाहेर, ताडपत्रीखाली. आमच्याकडे चुलीशिवाय घर म्हणजे घर नाहीच. मी कितीदा म्हटलं, चूल तरी आत घे. ती म्हणायची, "कशाला? आज ना उद्या निघायचंच आहे."

मग स्वयंपाक कुठे? माझ्या चुलीवर. रोज. सकाळी यायची, माझ्या चुलीशेजारच्या बाकावर बसायची, कपडे वाळवायची, आणि जप सुरू. कोणाच्या छपराच्या पाट्या ठोकायला ती शिडीवर चढली होती, कोणाच्या आईच्या मयताच्या जेवणाला तिने भाकऱ्या भाजल्या होत्या, कोणाची लेक बाळंतपणात अडली तेव्हा ती चिखलातून गेली होती. "आणि आता बघ, कोमाद्रे. माझ्या दारावरून जातात, खाली मान घालून." लोक खरंच खाली मान घालून जायचे. तिच्याशी बोललं की ऐकावं लागायचं, आणि ऐकलं की हो म्हणावं लागायचं. ते बिचारे लांबच्या वाटेने जायला लागले. मला लांबची वाट नव्हती. माझंच घर, माझीच चूल, आणि बाक तिचा.

आणि कुंपण! घर आत घ्यायला मोडलेलं कुंपण एरास्मोने नीट केलंच नाही. "घर निघालं की करतो," म्हणाला. त्या खिंडारातून गावाच्या मेंढ्या माझा लसूण चरून जायच्या. मी एकदा तडक बेलार्मिनोकडे गेले.

"बेलार्मिनो, माझ्या वावरात घर आहे."

"हो, बघितलं मी."

"बघितलं? तुम्हीच ठेवलंय ते!"

"हो, हो. काढू या की, एल्सिराबाई."

"कधी?"

"या आठवड्यात. नक्की."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालात."

"हो ना," तो कळवळून म्हणाला, आणि त्याने मला ओंजळभर सफरचंदं दिली. मी ती घेऊन घरी आले. त्याच्यावर ओरडणं म्हणजे रजईवर काठी मारणं.

नोल्बेर्तोचं आणखी वेगळं. तेव्हा बेटावर टेलिफोन नव्हता, निरोप रेडिओवर यायचे. दुपारी सगळं गाव जेवता जेवता सगळ्या गावाचे निरोप ऐकायचं. 'कुइतालच्या ओर्फेलिनाबाईंना निरोप. मुलगा नोल्बेर्तो नाताळला येत आहे. धक्क्यावर घ्यायला यावे.' की झाली हिची धांदल. माझ्या चुलीवर मिल्काओ थापायची, किसलेल्या बटाट्याचे, आत डुकराच्या चरबीचा कुरकुरीत चुरा, त्याला आवडतात म्हणून. डोक्याला स्वच्छ रुमाल बांधून धक्क्यावर उभी. बोट यायची, लोक उतरायचे, पोती उतरायची, कोकरं उतरायची. तो नाही. परत येताना प्रत्येक दारातून चौकशी, "आला नाही वाटतं?" सगळ्यांनीच निरोप ऐकलेला ना. दुसऱ्या दिवशी दुसरा निरोप, कामामुळे जमत नाही, ईस्टरला नक्की. आणि ते थंडगार मिल्काओ ती माझ्या डुकरांना घालायची. मुलाने नाही खाल्ले तर आपण तरी कशाला, असं. माझी डुकरं नाताळ आणि ईस्टर, दोन्ही सण पाळायची.

एका हिवाळ्यात माझा तोल गेला. बाहेर पाऊस कोसळतोय, माझ्या चुलीवर तिचे मोजे वाळतायत, आणि ती म्हणतेय, "भावजी या खेपेला गाडीभर सरपण पाठवतो म्हणालेत. आणि नोल्बेर्तोने निरोप दिलाय, वसंतात घर हलवायला तो स्वतः येणार."

मी हातातलं लाटणं ठेवलं. "कोमाद्रे, कोणी येणार नाही. सरपण येणार नाही, बैल येणार नाहीत, नोल्बेर्तो येणार नाही. माझ्या वावरात मरशील तू त्या फळ्यांखाली."

तिने मोजे उचलले, ओलेच, आणि गेली. मी बोलले ते खरंच होतं, आणि मला त्याचं अजूनही काही वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी बाक रिकामा राहिला, तिसऱ्या दिवशीही, तेव्हा माझा जीव थाऱ्यावर राहिना. तिची चूल बाहेर, सरपण नाही, आणि थंडी हाडात शिरणारी. एरास्मो म्हणाला, "जाऊन बघ बाई." मी म्हटलं, "मी का जाऊ? ती रुसलीय." आणि शाल ओढून गेले.

वावरात शिरले तर करवतीचा आवाज. ओर्फेलिना गुडघ्यांवर बसून, घराखालून वळचणीपर्यंत पुढे आलेल्या ओंडक्याचं नाक कापत होती.

"कोमाद्रे! हे काय चालवलंयस?"

"दिसत नाही? लाकूड कापतेय. छपराखाली होतं, एकदम कोरडं आहे."

"अगं, पण ते नाक आहे! साखळी कशाला अडकवणार?"

"कसली साखळी?"

"बैलांची."

"कुठले बैल?"

तिने करवत थांबवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तोंड थंडीने निळं पडलेलं. "रात्रभर सरपणाच्या गाडीची चाहूल घेत पडले होते. पावसाचा आवाज आला तरी वाटायचं, गाडीच आली. मग सकाळी म्हटलं, ओर्फेलिना, तू लाकडावरच झोपली आहेस की." मग म्हणाली, "ये, दुसरं टोक धर. दोघांची करवत आहे, एकटीने वाकते."

आता विचार करा. ते नाक कापलं की घर कधीच ओढता येणार नाही, म्हणजे माझं वावर कायमचं गेलं. हे मला तिथे उभ्या उभ्या लख्ख कळलं. आणि मी शाल बाजूला टाकली, चिखलात बसले आणि दुसरं टोक धरलं. दोन्ही नाकं कापेपर्यंत आम्ही करवत थांबवली नाही. माझ्या वावराचा गळा मी माझ्या हाताने कापला.

मग आम्ही चूल आत घेतली, म्हणजे पहारीने ढकलली आणि शिव्या घातल्या. एरास्मोने धुराडं बसवलं. आतल्या फळ्या एकेक करून काढल्या, त्याही जळणाला. ती खोलीच्या मधोमध सरळ उभी राहिली, आणि मला एकदम आठवलं की ती माझ्याहून उंच आहे. कपाटाचे दोर कापताना मात्र ती रडायला लागली. मोठ्याने, पोरासारखी. मी तिला धरायला गेले तर म्हणाली, "राहू दे, होईल. तू चुलीकडे बघ, विझतेय."

रडून झाल्यावर नाक पुसत म्हणाली, "बेलार्मिनोभावजींकडे 'हो' आहे, कोमाद्रे. बैल नाहीत. ते बिचारे जे होतं ते दर वर्षी देत आले. मी 'हो' घेतलं आणि बैल आले असं समजून बसले."

"आणि नोल्बेर्तो?"

"त्याच्याकडे निरोप आहेत," ती म्हणाली. मी चुलीत एक लाकूड सरकवलं.

त्यानंतर ती काही संतीण झाली नाही. खिडकीच्या काचा बसवल्या, तर खिडकीतून दिसतो काय, माझा गोठा. कित्येकदा मी दूध काढताना वर बघायची तर ती काचेमागे उभी, दुसरीकडेच कुठेतरी बघत. घर कललेलंच होतं, दार निम्मंच उघडत होतं. पण माझ्या बाकावर येऊन बसणं बंद झालं. आली तर विणकाम घेऊन यायची, हसून बोलायची आणि वेळेत उठायची. तो जप पुन्हा ऐकला नाही. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

दुसरं म्हणजे तिने नाही म्हणायला सुरुवात केली. कोणी दारात येऊन विनवलं की विचार करायची आणि सरळ सांगायची, "येते," नाहीतर, "नाही बाई, आज नाही जमणार." आमच्या कुइताल गावात तोंडावर नाही म्हणणारी ही पहिलीच बाई. लोक आधी चिडले, म्हातारीला मस्ती आली म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की हिच्याशी बोललं तरी आता हिशेब ऐकावा लागत नाही. लांबची वाट सोडून ते पुन्हा आमच्या वावराकडून जायला लागले. जाता जाता कोणी मासळी ठेवायचं, कोणी दोन लाकडं. ठेवलं तर ती घ्यायची, नाही ठेवलं तर मान वर करून बघायचीही नाही.

बेलार्मिनो तर आठवड्यातून दोनदा तिच्या चुलीपाशी येऊन बसायचा. त्या चुलीत त्याने स्वतः तासलेले ओंडके जळत होते, आणि हा हात शेकत विचारायचा, "वहिनी, घर कधी हलवायचं?"

"हलवायचं नाही, भावजी. नाकं कापली मी. आता ते इथेच राहणार."

"हो, हो," बेलार्मिनो म्हणायचा.

नाताळ आला, निरोप आला. नोल्बेर्तो येत आहे, धक्क्यावर यावे. तिने तिच्या चुलीवर मिल्काओ केले. बोटीची वेळ झाली तशी मी रुमाल बांधून दारात उभी, सोबतीला. ती म्हणाली, "तू कुठे निघालीस? त्याला वाट माहीत आहे. बस, गरम आहेत तोवर खाऊ." तो आला नाही. आम्ही दोघींनी ते मिल्काओ गरम गरम खाल्ले, चरबी हनुवटीवरून ओघळेपर्यंत, आणि इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की बाईच्या हाताला काय चव आहे. माझ्या डुकरांचा सण मात्र बुडाला.

आमच्याकडे उन्हाळा नाताळातच लागतो; आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात, फेब्रुवारीत, रेडिओने सांगितलं: रविवारी कुइतालच्या ओर्फेलिनाबाईंचं घर हलवण्याची मोठी मिंगा, सर्वांनी यावे. नगरपालिकेची उन्हाळी जत्रा होती. पाहुण्यांना खरीखुरी मिंगा दाखवायची म्हणून त्यांनी बेलार्मिनोला विचारलं होतं, तुमच्याकडे ओढायला एखादं घर आहे का? बेलार्मिनो काय म्हणाला असेल ते सांगायला नकोच.

मी धावत तिच्याकडे गेले. "अगं, ऐकलंस का? कळव त्यांना!"

"भावजींना सांगितलंय मी. दहादा सांगितलं. ते हो म्हणाले." ती हसत होती. मग तिने बाह्या सरसावल्या. "तुझ्या तळघरात बटाटे किती आहेत? आपण खड्डा पेटवू. आले तर जेवतील, नाही आले तर आपण दोघी आठवडाभर खाऊ."

ते आले. आयुष्यभर जिने वाट बघितली तिच्या दारात, तिने बघणं सोडल्यावर, अख्खं बेट आलं. बैलांच्या जोड्याच जोड्या, शिंगांना फिती. कॅमेरे गळ्यात अडकवलेले पाहुणे. अकॉर्डियन. सगळ्यांच्या पुढे बेलार्मिनो, नवी टोपी घालून, हातात साखळी. तो घराच्या पुढे वाकला, साखळी अडकवायला गेला आणि तसाच राहिला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन वाकला.

"वहिनी, नाकं कुठे गेली?"

"तुम्ही हात शेकलेत ना, त्या चुलीत."

आधी कोणी हसलं नाही. नगरपालिकेचा माणूस लालबुंद झाला, एवढे लोक आणले, आता दाखवू काय? बेलार्मिनो चिखलात साखळी धरून उभा, डोळ्यांत पाणी. "एवढ्या वर्षांनी आलो वहिनी, खरंच आलो, आणि तुम्ही..."

"आलात ते दिसतंय मला, भावजी," ओर्फेलिना म्हणाली. "फार बरं वाटलं." ती खड्ड्याकडे गेली आणि तिने वरची पानं काढली. जेवण पुन्हा आधी, आणि या वेळी कामाशिवायच. वाफ वर उठली, बैल सोडले गेले, आणि माझ्या वावरात शंभर माणसं जेवली.

त्या गर्दीत नोल्बेर्तो होता. निरोप न देता आला होता, काकाने बोलावलं म्हणून. खांदे रुंद झालेले, केस विरळ. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मी आलो. आता घर वर न्यायचं होतं ना, माझ्या जागेवर?"

तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, खूप वेळ. मला वाटलं, आता विचारेल. कायमचा आलास ना? दर खेपेला हाच तिचा पहिला प्रश्न असायचा. तिने विचारलं, "मिल्काओ खाल्लेस? चल, गरम आहेत तोवर घे."

तो आठवडाभर राहिला. कललेल्या घराखाली दगड घालून त्याने ते सरळ केलं, दारापुढची झुडपं तोडली. दार पूर्ण उघडायला लागलं. दोघं माझ्या गोठ्याकडे तोंड करून पायरीवर बसायची, मटार सोलत, आणि मी दूध काढता काढता त्यांचं हसणं ऐकायची. निघताना ती धक्क्यावर गेली नाही. लोकरीचे मोजे दिले, डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेली. त्याची पिशवी उचलायला मीच सोबत गेले.

धक्क्यावर तो बोटीकडे न बघता माझ्याकडे बघत होता. "मावशी, आई रागावलीय का माझ्यावर?"

"नाही रे. का?"

"पुन्हा कधी येणार, ते विचारलंच नाही तिने." त्याने माझ्याकडून पिशवी घेतली. "मी सांगणार होतो. सगळा आठवडा थांबलो की ती विचारेल, मग मी सांगेन."

एवढा मोठा माणूस, डोळे पुसत बोटीत चढला. मला त्याची कीव आली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरातलं वाट बघणं त्याच्या वाट्याला आलं होतं.

परत आले तर ओर्फेलिना वावराच्या कोपऱ्यात कुदळ घेऊन उभी. "कोमाद्रे, इथे लसूण लावू का? पण त्या खिंडारातून मेंढ्या येतील."

मी त्या खिंडाराकडे पाहिलं. घर कधीतरी निघेल म्हणून मी इतकी वर्षं ते उघडं ठेवलं होतं. वाट बघणारी आता मी एकटीच उरले होते. एरास्मोला हाक मारली, कुंपण घालायचंय म्हटलं. तो म्हणाला, "उद्या करतो."

मी उद्याची वाट बघितली नाही. गोठ्यातून खांब आणले. ओर्फेलिनाने धरले, मी ठोकले. तिचं घर आत राहिलं.